दहा ते बाराचा पहारा

आमच्या कॉलनीत बारा बंगले आहेत आणि भांडण एकही नाही. पुणे रस्त्यानं केडगावला उतरलं, की ज्वारीचं एक वावर लागतं. त्याच्या कडेकडेनं आत आलं की आमची फाटकं सुरू होतात. सगळी हिरवी. त्यातल्या तीन फाटकांवर ‘कुत्र्यापासून सावध रहा’ अशी पाटी आहे. कुत्रं एकाकडंही नाही. एकानं पाटी लावली, दुसऱ्याला ती शोभिवंत वाटली आणि तिसऱ्यानं आपण मागं पडू नये म्हणून लावली.

मी सगळा जन्म नगरात माळीवाड्यात काढला. तिथं शेजारी खोकला तरी आपल्या घरातून कोणीतरी त्याला आल्याचा काढा सुचवायचं. संध्याकाळी पोस्टातून सुटलो की पखवाजाच्या आवाजावरून ओळखायचो, आज कोणत्या देवळात कोणते महाराज उभे आहेत. कीर्तन चुकलं तर मला जेवण जात नसे. निवृत्त झालो, मुलींची लग्नं झालेली होती, म्हणून इथं प्लॉटवर घर बांधून आम्ही दोघं राहायला आलो. मी आणि पुष्पावती.

आणि मग ही शांतता. कीर्तनात महाराज पहिला अभंग लावण्याआधी डोळे मिटतात, तेव्हा मंडपात कशी शांतता होते? तशी. फरक इतकाच, की इथले महाराज डोळे उघडतच नाहीत.

माणसं मात्र भली. इथं कोणी कोणाला नाही म्हणत नाही. नाही म्हणायला आवाज थोडा चढवावा लागतो, म्हणून सगळे हो म्हणतात आणि घरी जाऊन खिडकी लावून घेतात.

एकाहत्तर साली मी कॉलनीच्या मीटिंगमध्ये विषय काढला. रस्त्याच्या टोकाला लिंबाखाली मारुती आहे. रामनवमीपासून हनुमान जयंतीपर्यंत बरोबर सात दिवस होतात. तिथं अखंड हरिनाम सप्ताह करू.

सेक्रेटरी गहिनीनाथ ठुबे कचेरीत हेडक्लार्क. त्यांनी चष्मा पुसला.

“लाउडस्पीकर?”

“नको,” मी म्हणालो.

“रात्री भजन?”

“विण्याचा पहारा तेवढा. एकजण गळ्यात विणा घेऊन उभा राहील आणि हळू आवाजात नाम घेईल. दोन तासांनी दुसरा. सात दिवस विणा जमिनीला टेकता कामा नये आणि नामात खंड पडता कामा नये, एवढंच. बाकी संध्याकाळी कीर्तन, ते नऊच्या आत आटपतं.”

ठुब्यांनी चष्मा घातला. “एक वर्ष करून बघू, आण्णा. अखंड पार पडलं तर दरवर्षी करू. पण मधे कुठं मोडलं, तर पुन्हा हा विषय मीटिंगला आणायचा नाही.”

मी कबूल झालो. मनात मात्र धाकधूक. या वयात मला दुसरं काय पाहिजे होतं? वर्षातून सात दिवस माझ्या घराच्या हाकेवर कीर्तन उभं राहावं, एवढंच. ते आता विण्यावर लटकलेलं होतं.

पहाऱ्याचा तक्ता मी केला. तेहतीस वर्षं पोस्टात पत्रं लावली, त्यामुळे तक्ता करायची मला भारी हौस. बारा बंगले, चोवीस तास, घरटी दोन तास. देवानंच हिशोब जुळवून ठेवल्यासारखं. एक नंबरपासून सुरुवात, सकाळी सहाला. दोन नंबर मी, आठ ते दहा. तीन नंबर श्रीमंत म्हस्के, दहा ते बारा. चार नंबर मच्छिंद्र झावरे, बारा ते दोन. पाच नंबर ठुबे, दोन ते चार. असं करत पहाटेपर्यंत. खेड्यात असंच करतात, मी पाहिलेलं होतं. तक्ता घेऊन घरोघर फिरलो. सगळे म्हणाले, हो.

रामनवमी रविवारी, सुट्टीच्या दिवशी आली. दहा ते बारा रामजन्माचं कीर्तन होतं, तेव्हा विणा कीर्तनकारांबरोबरच्या विणेकऱ्यानं घेतला; बाकीचे आपापल्या वेळेला उभे राहिले. तो दिवस इतका सुरळीत गेला, की संध्याकाळी ठुबे स्वतः म्हणाले, “आण्णा, तक्ता नामी आहे.” मी रात्री सुखानं झोपलो.

सोमवारी आठला मारुतीपुढच्या पत्र्याच्या मंडपात मी विणा घेतला. पावणेदहाला म्हस्के सायकलवरून आले. मला वाटलं, गृहस्थ वेळेच्या आधीच आला. तर त्यांनी मंडपासमोर आल्यावर हँडल सोडून दोन्ही हात जोडले, मान लववली आणि ते तसेच बँकेकडं गेले. त्यांच्या मागून झावरे गेले. त्यांच्या मागून स्कूटरवर ठुबे. सगळ्यांनी नमस्कार केला. कचेरीला जाणारी कॉलनी माझ्या डोळ्यांदेखत मारुतीच्या पाया पडून निघून गेली आणि रस्ता मोकळा झाला.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. खेड्यात माणूस वावरात असतो. वेळ झाली की औत सोडून येतो, दोन तास उभा राहतो, परत जातो. आमच्या कॉलनीत दहा ते पाच पुरुषमाणूस म्हणून एकटा मी आणि दुसरा मारुती.

साडेदहा झाले. वर पत्रे तापले. पुष्पावती दुसऱ्या दिवशीच्या एकादशीचं सामान आणायला बसनं नगरला गेलेली. विणेकऱ्याला नामाशिवाय बोलता येत नाही, म्हणून मी नामच जरा मोठ्यानं घेतलं. म्हटलं कोणीतरी बाहेर डोकावेल. मी आवाज चढवला तशी सात नंबरची खिडकी लागली. आणखी चढवला, आठ नंबरची लागली. लोकांना वाटलं असेल, आण्णांना रंग चढला, आपण मधे येऊ नये.

अकरा वाजले. पाय भरून आले. आणि पायांचं एक वेळ सोसलं असतं, पण सकाळी दोन कप चहा झालेला, त्याचाही तगादा सुरू झाला. मी या पायावरून त्या पायावर होत होतो. लांबून पाहणाऱ्याला ते नाचणं वाटलं असतं.

कॉलनीच्या शेवटी तेरावा प्लॉट आहे. तिथं बंगल्याचं काम चाललेलं होतं आणि राखणीला साळूबाई दहिफळे आणि तिचा नवरा सहादेव राहायचे. पाथर्डीकडचे. सहादेव दिवसा दुसरीकडं कामाला जायचा. साळूबाई घागर घेऊन चाललेली, ती माझ्याकडं बघून थांबली.

“आन्ना, कवाधरनं हुबे हायसा? बदली न्हाई आली व्हय?”

आता हिला सांगायचं कसं? नाम सोडता येत नव्हतं. मग मी नामाच्या चालीवरच सांगितलं. “रामकृष्णहरी, म्हस्के गेले कामावरी, रामकृष्णहरी.”

तिनं घागर खाली ठेवली. “मंग त्यांच्या मागचं कोन?”

“रामकृष्णहरी, झावरे मागचे, तेही गेले, रामकृष्णहरी.”

“आन् त्यांच्या मागचं?”

“रामकृष्णहरी, साळूबाई, माझ्यानं आता धरवत नाही, रामकृष्णहरी.”

देवाच्या नावात म्हस्क्यांचं नाव कालवल्याचा दोष माझ्या माथी लागला असेल. पण देवालाही चहा चुकला नसावा, असं मी तेवढ्यापुरतं धरून चाललो.

साळूबाई गेली ती थेट तीन नंबरचं फाटक वाजवायला लागली. मग चार, मग पाच. तिला पाट्यांचं भय नव्हतं. कुत्री नाहीत हे तिला माहीत होतं. भाकरी थापून द्यायला ती सगळ्यांच्या मागच्या दारी जाऊन आलेली होती. थोड्या वेळात लंकावहिनी म्हस्के आल्या, झावऱ्यांच्या घरच्या आल्या, ठुबेवहिनी हातातलं विणकाम घेऊनच आल्या. कॉलनीतल्या बायका एकमेकींशी फाटकाशी उभ्या राहून बोलत. अशा एका ठिकाणी जमलेल्या मी पहिल्यांदा पाहिल्या.

“आमचे हे म्हणाले, कोणीतरी घेईल गं,” लंकावहिनी म्हणाल्या. “आण्णा रिकामेच असतात.”

“आमच्याकडं पण तेच म्हणाले,” झावऱ्यांच्या म्हणाल्या.

“बाईनं विणा घ्यायचा नसतो म्हणतात,” ठुबेवहिनी म्हणाल्या.

“कोण म्हणतं?”

“म्हणतात.”

खरं सांगतो, माझ्याही मनात तेच होतं. मी लहानपणापासून बाईच्या गळ्यात विणा पाहिलेला नव्हता. पण विण्याचा भोपळा खाली खाली सरकत होता.

साळूबाई म्हणाली, “आमच्या गावाला ऊसतोडीच्या दिसात मानसंच नसत्यात बगा. समदे कारखान्याला. मागं ऱ्हात्यात म्हातारी अन् लेकुरवाळ्या बाया. माझा बाप विनेकरी. एका साली सप्त्यात त्याला हिवताप भरला. बाप्ये म्हनून गावात दोन, ते बी आंधळे. चुलता म्हाराजास्नी इचारायला गेला, बाईनं घेतला तर चालंल का. म्हाराज म्हनले, तू हितं इचारायला आलास, तवर विना कुनाकडं हाय?”

“कुणाकडं होता?” लंकावहिनींनी विचारलं.

“माझ्या आयकडं.”

साळूबाईनं घागरीतल्या पाण्यानं हातपाय धुतले, पदर खोचला आणि माझ्यापुढं येऊन उभी राहिली. “द्या हिकडं.”

विणा देताघेताना दोघांनी एकमेकांच्या पाया पडायचं, अशी रीत आहे. देणाऱ्यानं घेणाऱ्याच्या, घेणाऱ्यानं देणाऱ्याच्या. देवापाशी लहान-थोर कोणी नाही, या निरूपणाला मी उभ्या जन्मात किती वेळा मान डोलावली असेल. मान डोलवायला सोपी आहे. तीच मान साळूबाईच्या सिमेंटनं भेगाळलेल्या पायांवर ठेवताना मला अर्धा क्षण लागला, हे कबूल केलेलं बरं.

“नगा आन्ना, तुमी वयानं मोठं,” ती मागं सरली.

“रामकृष्णहरी, सरकू नको, वेळ नाही, रामकृष्णहरी,” मी म्हणालो आणि वाकलो.

तिनं पट्टा गळ्यात घेतला. बोट तारेवर पडलं आणि तिचं नाम सुरू झालं. तिच्या आवाजात कोरड्या मुलखाची एक किनार होती. पुढं ऐकायला मी थांबलो नाही. साठीचा माणूस घराकडं ज्या चालीनं गेला, ती चाल कॉलनीनं त्याआधी पाहिलेली नव्हती.

परत आलो तर साळूबाईच्या शेजारी ठुबेवहिनी उभ्या. “बोट कसं धरायचं?” असं विचारत होत्या. बाराला लंकावहिनींनी विणा घेतला, दोनला झावऱ्यांच्या घरच्यांनी, तीनला ठुबेवहिनींनी, आणि सहा नंबरचे कचेरीतून येईपर्यंत त्याच उभ्या राहिल्या. उद्यापासून आपापल्या घराच्या वेळेला आपण उभं राहायचं, कोणाला अडचण असली तर दुसरीनं तिची वेळ सांभाळायची, असं त्यांनी माझ्यादेखत दहा मिनिटांत ठरवलं. मला कोणी विचारलं नाही. तक्ताही मागितला नाही.

“आण्णा,” जाताना ठुबेवहिनी म्हणाल्या, “आमच्या घरात हे बोलायचं नाही. ह्यांचा नियम म्हणजे नियम. सप्ताह मोडला म्हणतील.”

संध्याकाळी म्हस्के माझ्याजवळ आले. बूट काढता काढता हळूच म्हणाले, “आण्णा, माझी वेळ… निभावली का?”

“निभावली.”

“उभं होतं ना कोणी?”

“होतं की.”

कोण, ते त्यांनी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. झावऱ्यांनी तेच विचारलं, ठुब्यांनीही. आमच्या कॉलनीत पुढचा प्रश्न विचारायची पद्धत नाही. ठुब्यांना वाटलं झावरे जेवणाच्या सुट्टीत येऊन थांबत असतील. झावऱ्यांना वाटलं ठुब्यांनी शिपाई पाठवला असेल. मंगळवारी तिघं जरा खाली मान घालून कीर्तनाला बसले. बुधवारी मान वर आली. गुरुवारी म्हस्के शेजारच्याला सांगत होते, “दहा ते बारा फार वाईट वेळ. ऊन असं तोंडावर येतं.” शुक्रवारी त्यांच्या पोटऱ्या दुखायला लागल्या आणि कीर्तनात ते त्या चोळत बसले. लंकावहिनी बायकांच्या बाजूला रोजच्या उभं राहण्यानं खरोखर दुखणारे पाय पदराखाली घेऊन बसल्या होत्या. त्यांनी नवऱ्याच्या पोटऱ्यांकडं पाहिलं आणि पुन्हा महाराजांकडं पाहायला लागल्या.

काल्याच्या कीर्तनाला सोनईहून गोरक्षमहाराज यायचे होते. ते शनिवारी दुपारच्या बसनं आले आणि माझ्याकडं उतरले. पानावर बसल्यावर मी त्यांना सगळं सांगून टाकलं. पोटात राहीना. ठुब्यांचं नंतर बघू; आधी देवाच्या दारी सप्ताह मोडला की राहिला, हे मला कळायला पाहिजे होतं.

महाराज भाकरी मोडत ऐकत होते. “विणा खाली टेकला का?”

“नाही महाराज.”

“नामात खंड?”

“नाही. मधे थोडं म्हस्क्यांचं नाव आलं.”

“ते चालतं. पिठलं आहे का अजून?”

रविवारी सकाळी काल्याआधी ठुबे उभे राहिले. सप्ताह अत्यंत शिस्तीत आणि शांततेत पार पडला, असं म्हणाले. शांततेवर त्यांनी जोर दिला. मग महाराजांच्या हस्ते विणेकऱ्यांना नारळ द्यायला माझा तक्ता वाचू लागले. एक नंबरचे नारळ घेऊन गेले. दुसरा मी. “श्रीमंत म्हस्के,” ठुब्यांनी वाचलं.

म्हस्के उठले ते थोडे लंगडतच आले.

“आपण दहा ते बारा?” महाराजांनी विचारलं.

“हो महाराज. ऊन फार.”

“असणार. जरा विणा गळ्यात घ्या, चार वेळा नाम म्हणा, मग नारळ देतो. नाम घेणाऱ्या हातात नारळ द्यावा, असं माझं आपलं आहे.”

सकाळच्या पहारेकऱ्यानं विणा म्हस्क्यांना दिला. म्हस्क्यांनी पट्टा भलत्याच खांद्यावर टाकला, भोपळा पोटावर आपटला आणि टेबलावरची धूळ झटकावी तसा सगळा पंजा तारांवरून फिरवला.

“अहो, असा नाही,” बायकांच्या बाजूनं लंकावहिनी म्हणाल्या. “पट्टा उजवीकडून घ्या. एकाच बोटानं. पेरानं, नखानं नाही, तार तुटेल.”

बोलून गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी पदर सारखा केला आणि समईकडं बघायला लागल्या. मंडपात ती आमची शांतता पसरली, पण आज पहिल्यांदाच तिच्यात प्रत्येकजण काहीतरी विचारत होता.

“तुम्हाला कसं माहीत, वहिनी?” महाराजांनी विचारलं.

“सहा दिवस उभी होते, महाराज. सोमवारपासून.”

“दोन ते चार मी होते,” ठुबेवहिनी म्हणाल्या. त्यांनी नवऱ्याकडं पाहिलं नाही. “चुकलं असेल तर मला सांगा, आण्णांना नको.”

ठुब्यांच्या हातात तक्ता तसाच. ते झावऱ्यांकडं वळले. “माझ्या वेळेला मला वाटलं तुम्ही…”

“मला वाटलं तुम्ही,” झावरे म्हणाले.

“आणि मारुतीला वाटलं दोघंही,” महाराज म्हणाले. मग त्यांनी माझ्याकडं पाहिलं. “विणा उतरवायचा मान तक्त्याबाहेरच्या पहिल्या बदलीचा. पहिली बदली कोणी दिली?”

“साळूबाईनं. तेराव्या प्लॉटवर असते.”

“मंडपात नाही?”

कोणीतरी तिला बोलावलंय, असं प्रत्येकाला वाटलेलं होतं. ठुबेवहिनी उठल्या आणि अनवाणीच निघाल्या. परत आल्या त्या एकट्या.

“स्लॅबला पाणी मारतेय. म्हणाली, अर्धं राहिलंय, ऊन चढायच्या आत पुरं करते आणि येते. तवर थांबा म्हणाली.”

“थांबू,” महाराज म्हणाले आणि मांडी घालून बसले. “हंडी कुठं पळत नाही.”

म्हस्के विणा घेऊन उभेच होते. “महाराज, मग हा आता कोणाकडं देऊ?”

“देता कशाला? बदली येतेय की.”

म्हस्क्यांनी पट्टा उजवीकडून घेतला, एका बोटानं तार छेडली आणि नाम घ्यायला लागले. आवाज वाईट नव्हता. पाच मिनिटं झाली, दहा झाली. टाळकरी टाळ मांडीवर ठेवून बसले. पंधराव्या मिनिटाला म्हस्क्यांनी पहिल्यांदा पाय बदलला.

ठुबे माझ्याजवळ येऊन खाली बसले. सतरंजीवर बसताना मी त्यांना कधी पाहिलेलं नव्हतं. नेहमी खुर्ची असायची. बराच वेळ ते तक्त्याची घडी घालत आणि उलगडत होते.

“आण्णा, अखंड राहिला म्हणायचा?”

“महाराजांनी काल्याला हंडी बांधलीय. मोडलेल्या सप्ताहाचा काला ते करत नाहीत.”

“मग पुढच्या वर्षीचा तक्ता आत्ताच करून टाकू. सगळे आहेत तोवर.”

मी बायकांच्या बाजूला हात केला. “तो मी करणार नाही. त्यांना विचारा.”

ठुब्यांनी खिशातलं पेन काढलं आणि मंडपाच्या मधल्या दोरीपाशी जाऊन उकिडवे बसले. “दोन ते चार माझं लिहितो,” ते आपल्या बायकोला म्हणाले. “रजा टाकीन.”

“दोन ते चार माझं आहे,” ठुबेवहिनी म्हणाल्या. “तुम्ही पहाटे बघा. दोनाचं मोकळं आहे.”

ठुब्यांनी चष्मा पुसला. मग कागद गुडघ्यावर ठेवून ते लिहायला लागले. तेराव्या प्लॉटवरचा बादलीचा आवाज थांबला आणि म्हस्क्यांनी नाम घेता घेता मान वळवून रस्त्याकडं पाहिलं.